हात येईपर्यंत

दसऱ्याच्या आगेमागे एखाद्या सकाळी कार्ल्याहून लोणावळ्याकडे जाताना माझी स्कूटर आपोआप हळू होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरांतलं इंद्रायणी भात पिकत आलेलं असतं. पहाटेचं धुकं अजून शेतांवरून उठलेलं नसतं, आणि त्या ओलसर थंडीत तो वास येतो. भात शिजताना येतो तसा, पण त्याहून कच्चा, थोडा दुधाळ, थोडा गवताचा. मागून येणारी एसटी हॉर्न वाजवते, मी डावीकडे सरकते आणि वास छातीत भरून घेते. घाटातली गर्दी, चिक्कीच्या पाट्या, रविवारचे मुंबईकर, हे सगळं पुढे असतंच. पण ते दोन-चार क्षण माझे असतात. आणि दरवर्षी त्या वासाबरोबर मला सुभद्रामावशींचा हात आठवतो.

वासाबरोबर माणूस आठवतं हे ठाऊक होतं. हात आठवतो, हे या धंद्यात आल्यावर कळलं.

मी फिजिओथेरपिस्ट. लोणावळ्याच्या बाजारात, एका चिक्कीच्या दुकानाच्या वर माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. खाली गूळ उकळायला लागला की वर मशीन लावून बसलेले पेशंट नाक वर करून म्हणतात, "झाली वाटतं सुरुवात." माझ्याकडे येतात ती बहुतेक वाट बघणारी माणसं. पक्षाघातानंतर शब्द हरवलेले एक निवृत्त रेल्वेगार्ड यायचे. त्यांना 'पाणी' म्हणायचं असे आणि तोंडून 'गाडी' निघे, मग स्वतःच हसत. हॉटेलच्या काउंटरवर काम करणारी एक मुलगी यायची, तिचा अर्धा चेहरा एका सकाळी उठली तेव्हा खाली उतरलेला होता; ती आरशासमोर बसून ओठ एका बाजूला ओढायचा सराव करी आणि माझ्याकडे बघून विचारी, "आज जरा जास्त ना?" हाडाचं बरं असतं. प्लॅस्टर काढलं, फोटो काढला, जुळलेलं दिसतं. नसेचं तसं नाही. ती आतल्या आत काय करते आहे ते कुणालाच दिसत नाही. तोवर पेशंटने आणि मी एकमेकांकडे बघत बसायचं.

मावशी पहिल्यांदा आल्या त्या गणपतीच्या आधी, भुरभुर पाऊस चालू असताना. जवळच्या औंढे गावच्या. साठीच्या घरातल्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू. उजवा हात पदराखाली झाकलेला, एखादी उसनी आणलेली वस्तू झाकून आणावी तसा. मागे दाराशी त्यांचे यजमान, किसनआबा. पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, आणि आत यायचं की बाहेर थांबायचं याचा निर्णय न झालेला चेहरा.

"बसा मावशी. काय झालं?"

"हात मेलाय," मावशी म्हणाल्या आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून माझ्या टेबलावर ठेवला.

भातलावणीच्या दिवसांत बांधावरून पाय घसरला होता. दगडावर दंड आपटला, हाड मोडलं. हाड सांधलं, पण मनगट खाली लोंबायला लागलं. दंडाच्या हाडाला वळसा घालून एक नस खाली उतरते. मनगट वर उचलणं, बोटं उघडणं, ही तिची कामं. ती दबली की हात नुसता लटकतो, वाळत टाकलेल्या ओल्या मोज्यासारखा. मुठीत काही दिलं तर पकडता येतं, पण मूठ उघडतच नाही. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नस तुटलेली वाटत नाही, दबलेली आहे. दिवाळीपर्यंत वाट बघू. तोवर हालचाल दिसली नाही तर ऑपरेशन करून उघडून बघावं लागेल.

"मेलेला नाहीये मावशी," मी म्हटलं. "नस दंडाकडून खाली पुन्हा वाढते. फार हळू वाढते. दिवसाला तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकीसुद्धा नाही."

मावशींनी आपल्या दंडापासून मनगटापर्यंत नजर फिरवली. किती दाणे होतील याचा अंदाज घेतला असावा.

"लय लांब हाय की गं," त्या म्हणाल्या.

मी त्यांना मनगट वर धरून ठेवणारी पट्टी दिली. मशीन लावलं. करंटच्या ठोक्याबरोबर मनगट टुणकन वर उठलं आणि मावशी दचकून ओरडल्या. मग पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. त्या आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. "म्या न्हाई उचलला," त्या हळूच म्हणाल्या, जणू कुणी त्यांच्यावर आळ घेतला होता. दाराशी उभे असलेले आबा दोन पावलं आत आले. पुन्हा मनगट उठलं तेव्हा त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

मशीन आठवड्यातून एक-दोनदाच. खरं काम घरी. हात वापरात नसला की सांधे आखडतात, आणि मग नस आली तरी हात उघडत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ दुसऱ्या कुणीतरी तो हात धरून मनगट वर-खाली करायचं, एकेक बोट उघडायचं, तळवा चोळायचा.

"घरात कोण आहे करायला?"

मुलगा-सून दोघंही बाहेर. तो एका कंपनीत, ती एका बंगल्यावर स्वयंपाकाला. सकाळी निघत ते अंधार पडल्यावर येत.

"मग आबा, तुम्ही करायचं."

आबांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"म्या?"

"या इकडे. बसा. हात धरा मावशींचा."

माझ्या क्लिनिकमधल्या बाकावर तेव्हा ते रेल्वेगार्ड होते, ती काउंटरवरची मुलगी होती, आणखी कुणी होतं. आबांनी दोन्ही तळवे पँटला पुसले. स्टुलावर बसले, टोकाला. आणि मावशींचा हात धरला तो असा, की जणू शेजारच्याचं कोंबडीचं पिल्लू सापडलंय आणि आता ते कुणाकडे द्यायचं. मावशींनी तोंड खिडकीकडे फिरवलं. कान मात्र लालबुंद.

"घट्ट धरा आबा. काही होत नाही."

"लगनात धरलाता," मावशी खिडकीकडे बघतच म्हणाल्या. "त्यावर आज."

सगळी खोली हसली. आबाही हसले, पण मान खाली घालून, आणि त्या हसण्यात मनगट जरा जास्तच वर गेलं. "आवं, दुकतंय!" मावशी ओरडल्या. मग ते इतक्या हळू हलवायला लागले, की मला पुन्हा सांगावं लागलं, जरा जोर लावा.

हळूहळू पाऊस ओसरला. डोंगरांवर सोनकीची पिवळी फुलं आली आणि गेलीही. भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या. मावशींचा हात होता तिथेच होता. दर वेळी मी कोपर टेबलावर टेकवायला सांगत असे, हात आडवा धरत असे आणि म्हणत असे, "उचला." मावशींच्या मानेच्या शिरा ताणत, ओठ आवळले जात, खांदा वर येई, सगळं अंग तो हात उचलायला धावे. फक्त हात उठत नसे. मग त्या श्वास सोडत आणि म्हणत, "जाऊ दे. पुढल्या येळंला." माझंच सांत्वन केल्यासारखं.

भाकरी थापता येत नव्हती. नळाखाली हंडा धरता येत नव्हता. केसांचा अंबाडा घालता येत नव्हता. एकदा त्या आल्या तर डोक्यामागे एक चमत्कारिक घट्ट गाठ होती, वर पिळा देऊन आत खोचलेली.

"आज केस कुणी बांधले?" मी विचारलं.

मावशींनी डोळ्यांनीच दाराकडे दाखवलं. "भाताची पेंडी बांदल्यागत बांदत्यात. सकाळपास्नं डोकं वडलंय माजं."

"सुटली का पर?" आबा दारातून म्हणाले.

सुटली नव्हती. मी हात लावून पाहिला. ती गाठ सुटणारी नव्हतीच.

परत जाताना मावशी पुढे जिना उतरत, आणि आबा मुद्दाम मागे रेंगाळत. जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबून विचारत, "मॅडम, ते आप्रेशन. भूल देत्याल का हिला?" मी हो म्हणे. "मंग उठती का नीट? हिची छाती बारीक हाय." मी समजावून सांगे. ते मान हलवत, खाली जात, आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा विचारत. मी काय सांगते ते त्यांना ऐकायचंच नसे. विचारण्याने त्यांना बरं वाटत असावं.

नवरात्राच्या सुमाराची गोष्ट. मशीन चालू होतं, खालून गुळाचा वास येत होता, आबा खत आणायला बाजारात गेले होते. मावशी एकाएकी म्हणाल्या, "आमाला एक पोरगी व्हती."

मला ठाऊक नव्हतं.

"मंजू. थोरल्याच्या आदीची. चालाय लागलीती. तापात गेली." त्या ठोक्याबरोबर उठणाऱ्या मनगटाकडे बघत बोलत होत्या. "त्यावर त्यांनी कवा तिचं नाव काडलं न्हाई. म्या बी न्हाई काडलं. म्हनलं, त्यांना तरास नगं. आन् काल सांजच्याला वट्यावर बसून हात चोळत व्हतं, तर म्हनले, मंजूची बोटं बी अशीच लांब व्हती."

मशीन टिकटिकत राहिलं.

"म्या म्हनलं, व्हय. मंग आमी लय येळ बोलत बसलो. तिला काऊ दावला तर ती हात कसा करायची, ते बी त्यांच्या ध्येनात हाय. म्या समजत व्हते, इसरलं ह्ये." मावशींनी डाव्या हाताने पदर डोळ्यांना लावला. मग लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "येरवी आमचं बोलनं काय? म्हशीला पानी पाजलं का, मोटर बंद केली का. आता हात हातात आसतोय, तर मानूस उटून कुटं जाईल? बसावंच लागतंय. बसलं की बोलावंच लागतंय."

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर, टीव्हीसमोर बसलेल्या नवऱ्याचा हात मी हातात घेतला. त्याने नजर न हलवता विचारलं, "काय दुखतंय?" मी म्हटलं, काही नाही. जरा वेळाने त्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

शरीरशास्त्राच्या पुस्तकात नसेची दोन कामं लिहिलेली असतात. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणं, आणि कातडीवरचा स्पर्श मेंदूपर्यंत आणणं. जाणारा रस्ता आणि येणारा रस्ता. मावशींचा जाणारा रस्ता बंद होता. येणारा मात्र अंगठ्यामागच्या एका बधिर पट्ट्यापुरता सोडला, तर चालू होता. तळव्याला सगळं कळत होतं. आबांच्या बोटांवरचे घट्टे कळत होते, त्यांच्या हाताला लागलेला तंबाखूचा खरखरीत चुरा कळत होता. इतक्या वर्षांत त्या हाताला एवढं काही कळायला सवडच मिळाली नव्हती. तो कायम कशात तरी गुंतलेला. पिठात, शेणात, चिखलात, विळ्याच्या मुठीवर.

कापणी सुरू झाली. कार्ल्यापासून खाचरं एकेक करून मोकळी व्हायला लागली, सोनेरी पिकाच्या मध्येच धसकटांचे उघडे चौकोन. दिवाळी आठवड्यावर आली होती. त्या दिवशी आबा विळ्यांना धार लावून घ्यायला बाजारात गेले आणि मावशी एकट्याच वर आल्या.

मी नेहमीप्रमाणे त्यांचं कोपर टेबलावर टेकवलं. माझी दोन बोटं त्यांच्या कोपराखालच्या स्नायूवर ठेवली. "उचला."

बोटांखाली काहीतरी सरकलं. पाण्यात मासा वळावा तसं. आणि मनगट उठलं. थोडंसंच, पण उठलं. थरथरत वर राहिलं आणि पडलं.

मी ओरडलेच. "मावशी! आलं! हात आला!"

त्यांनी झटकन डाव्या हाताने माझं तोंड दाबलं.

"वरडू नगं. येत्याल ते."

"अहो, मग येऊ देत की! त्यांना सांगायचं—"

"न्हाई सांगायचं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या चोरी पकडली गेल्यासारख्या हसल्या. "मला म्हाइताय. मागल्या आठवड्यापास्नं हलतोय. घरी पट्टी काडली की एकलीच बगते मी उचलून."

"आणि सांगितलं नाहीत?"

मावशी खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते सांगताना त्यांचा आवाज एखाद्या नव्या नवरीसारखा झाला होता. "हात आला म्हनलं की ते धरायचं सोडत्याल. त्यांची बी कामं हायती. मानूस कामाबिगर कशाला कुनाचा हात धरून बसंल? जरा जाऊ दे दिवाळी. मंग सांगू."

मला हसू आलं. पण मी त्यांची डॉक्टर होते. ऑपरेशनची तारीख ठरवायला दिवाळीनंतर जायचं होतं. मी त्यांना जिन्यातलं सगळं सांगितलं. आबा दर वेळी मागे थांबून भुलेबद्दल विचारतात ते, 'हिची छाती बारीक हाय' म्हणतात ते.

मावशींचा चेहरा उतरला. "मला न्हाई कवा बोललं."

"तुमच्यापाशी कसे बोलतील?"

त्यांनी पट्टी पुन्हा हाताला लावून घेतली. मग म्हणाल्या, "तू नगं सांगू. म्याच सांगती." आणि उठता उठता, "रविवारी आमचं खाचर काडायचंय. तू ये. तू आसलीस म्हंजी माज्या तोंडून निगंल."

पुढे त्या हाताचं काय झालं ते सांगून टाकते. ऑपरेशन लागलं नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मनगट पूर्ण उठायला लागलं, बोटं उघडली. पावसाळा संपता संपता त्या भाकरी थापायला लागल्या; पहिली भाकरी त्यांनी मला फडक्यात बांधून पाठवली होती, एका कडेला जाड, एका कडेला पातळ. थंडीत आजही तो हात लवकर दमतो. पण तो आला. मला मात्र त्या हाताची आठवण म्हणजे तो रविवारच.

औंढ्याच्या त्या खाचरात मी पोचले तेव्हा दव वाळलं होतं आणि ऊन चटका द्यायला लागलं होतं. कापलेल्या भाताच्या ओळी जमिनीवर पसरल्या होत्या. मुनियांचा थवा एका खाचरातून उठून दुसऱ्यात पडत होता. मुलगा-सून पलीकडच्या कडेला कापत होते. आबा अलीकडे पेंढ्या बांधत होते. मावशी बांधावर बसलेल्या, हाताला पट्टी, शेजारी पाण्याची कळशी. लग्न होऊन आल्यापासून बसून काढलेली ही त्यांची पहिली कापणी होती, आणि त्या बसल्याजागी सगळ्यांना सूचना देत होत्या.

मला पाहून त्यांनी हाक मारली, "आवं, हिकडं या जरा."

आबा आले. घामाने टोपी भिजलेली, केसांत पेंढ्याची काडी. "या मॅडम. पानी घ्या."

मावशींनी पट्टीचे बंद डाव्या हाताने सोडले. पट्टी बांधावर ठेवली. उजवा हात मांडीवर घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मनगट उचललं. हात थरथरत वर आला. उन्हात त्याची सावली लुगड्यावर हलली.

"हे बगा," मावशी म्हणाल्या. "आला. लय दिस झालं. म्या सांगितलं न्हवतं."

आबांनी हाताकडे पाहिलं. मग खाली बसून ते हातातल्या पेंढीचा पिळा घट्ट करायला लागले.

"म्हाइताय मला," ते म्हणाले.

"काय म्हाइताय?"

"हात आलाय ते."

मावशींचा हात तसाच वर राहिला. "कवापास्नं?"

"तुला कळायच्या आदीपास्नं." आबांनी पेंढी बाजूला ठेवली. आमच्या दोघींकडे न बघता, पायांखालच्या धसकटांशी बोलावं तसे बोलले. "एक दिस सकाळी चोळत व्हतो. तुजं ध्यान चुलीकडं. तर मनगटानं जरा वर जोर दिला. माज्या हाताला लागला. म्हनलं, भास आसंल. दुसऱ्या दिशी पुन्यांदा लागला."

मला तेव्हा लक्षात आलं. गेल्या काही खेपांना आबा जिन्यात थांबले नव्हते. भुलेचं विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं, कापणीच्या कामाने दमले असतील.

"मंग सांगितलं का न्हाई?" मावशींचा आवाज चढला. राग होता की दुसरं काही, मला कळेना. "म्या हितं जिवाला घोर लावून घेतलाय, ह्यांना आप्रेशनाची काळजी म्हनून! बोलायला काय जातंय?"

आबांनी पायांखालचं एक धसकट उपटलं. पलीकडून विळ्यांचा एकसारखा आवाज येत होता.

"तू म्हनली आसतीस, आता बास," ते म्हणाले.

मावशींनी हात खाली ठेवला. पदर पुढे ओढून घेतला. मी कळशीतलं पाणी ओतून घेतलं, तहान नसताना. मुनिया पुन्हा उठल्या, वळल्या, आमच्या डोक्यावरून गेल्या. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ते मी नव्हे, एवढं मला कळत होतं.

आबाच सरकत सरकत बांधाजवळ आले. त्यांनी तळवे पँटला पुसले आणि मावशींचा हात उचलून आपल्या हातात घेतला. भर उन्हात, मुला-सुनेसमोर, उघड्या शेतात. पलीकडे सून कमरेत वाकलेली होती, ती सरळ झाली, तिने आमच्याकडे पाहिलं, आणि ती घाईने पुन्हा वाकली. आबांनी तो हात उलटा-सुलटा करून बारकाईने तपासला. एकेक बोट उघडून पाहिलं. मग अंगठा धरला, बाहेर ओढला आणि सोडून दिला. अंगठा लुळा होऊन आत पडला.

"ह्यो कुटं आलाय अजून?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले, चेहरा अगदी गंभीर. "मॅडम, अंगट्याला किती दिस लागत्याल?"

"अंगठा सगळ्यात शेवटी येतो, आबा," मी म्हटलं. ते खरंच होतं. "बराच वेळ लागेल."

मावशी पदराआडून हसल्या.

"लागू द्या की," आबा म्हणाले, आणि अंगठा चोळायला लागले.